दुभाष्याचे मोल

गोव्यात पोर्तुगिजांच्या राजवटीत सरकारी दुभाष्याचा एक स्वतंत्र हुद्दा होता. त्या हुद्द्याच्या पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘राज्याची जीभ’ असा होतो, आणि शेजारच्या मराठी सत्तांशी चालणारा पत्रव्यवहार या ‘जिभे’च्या हातून जात असे. ज्यांची घराणी माळव्यात, गुजरातेत, तेलंगणात किंवा कर्नाटकाच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांना दुभाष्याची गरज आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. दुभाषी असला म्हणजे काम अडत नाही. परंतु प्रत्येक बोलण्याला दुप्पट वेळ लागतो, विनोद वाटेतच विरतो, आणि जो शब्द दुभाष्यालाच ठाऊक नाही तो पलीकडे पोहोचतच नाही. ज्यांना परक्या गावी कायमचे राहायचे होते, त्यांनी म्हणूनच तेथील भाषा स्वतः शिकून घेतली.

संगणकाच्या इतिहासात हाच दुभाषी गेली सुमारे पन्नास वर्षे निरनिराळ्या नावांनी येत राहिला आहे. दर वेळी त्याचे स्वागत मोठ्या आशेने झाले आणि दर वेळी त्याच्या कामाचे मोल कोणाला तरी चुकवावे लागले. ते मोल नेमके कोणी चुकवले, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या वाचकांना प्रोग्राम लिहिण्याचे तंत्र शिकवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या यंत्रावर आज आपली पत्रे, हिशेब, ग्रंथसूची आणि हे त्रैमासिकसुद्धा तयार होते, त्याच्या घडणीतला हा जुना वाद आपल्या लिपीपर्यंत येऊन पोहोचतो, हे दाखवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम वादाचे स्वरूप पाहू. प्रत्येक जातीच्या संगणकाला स्वतःची अशी आज्ञांची भाषा असते. एका जातीसाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या यंत्राला कळत नाही. शिवाय त्या यंत्रावर राज्य करणारी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी असते. पडद्यावर चौकट कशी उघडावी, अक्षर कसे उमटावे, कळ दाबली की काय व्हावे, याचे तिचे रीतिरिवाज वेगळे असतात. तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे दोन मार्ग राहतात. पहिला मार्ग असा की, प्रत्येक यंत्रासाठी त्याच्या रीतीप्रमाणे वेगळा प्रोग्राम लिहावा; यास व्यवसायात ‘नेटिव्ह’ म्हणतात. दुसरा असा की, प्रोग्राम एका मधल्या, काल्पनिक यंत्राच्या भाषेत एकदाच लिहावा आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्या भाषेचा एक दुभाषी बसवावा. यास ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ म्हणतात. पहिल्या मार्गात श्रम फार. दुसऱ्यात श्रम वाचतात, पण दुभाषी कायमचा घरात येतो.

या दुभाष्याचा पहिला मोठा प्रयोग विद्यापीठात झाला. निकलाउस विर्ट या स्विस शास्त्रज्ञाने १९७० साली ‘पास्कल’ ही भाषा प्रसिद्ध केली. झुरिकमधील त्याच्या गटाने ती इतर यंत्रांवर नेणे सोपे व्हावे म्हणून एका काल्पनिक यंत्राची सोपी आज्ञाभाषा तयार केली. तिला ‘पी-कोड’ असे नाव पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत केनेथ बोल्स यांनी १९७० च्या दशकात या कल्पनेवर एक संपूर्ण प्रणाली उभारली. त्या काळी छोटे संगणक नाना जातींचे निघत होते आणि विद्यार्थ्यांना त्या सर्वांवर एकच पास्कल शिकता यावी, हा त्यामागचा स्वच्छ हेतू होता. शिकवण्याच्या कामी ती प्रणाली उत्तम ठरली. ‘अॅपल’ कंपनीनेही १९७९ साली आपल्या यंत्रासाठी ती घेतली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला तेव्हा त्यासाठी जाहीर झालेल्या तीन ऑपरेटिंग सिस्टिमांपैकी एक सॅन दिएगोची ही पी-सिस्टिम होती. उरलेल्या दोहोंपैकी पीसी-डॉस अवघ्या चाळीस डॉलरांना मिळत होती. बाजाराने तीच उचलली.

परंतु खरी परीक्षा किमतीची नव्हती, वेगाची होती. ती दोन हिशेबी प्रोग्रामांच्या झुंजीत झाली. ‘कॉन्टेक्स्ट एमबीए’ नावाचा एक प्रोग्राम होता. आकड्यांचे कोष्टक, आलेख, माहितीची नोंदवही, लेखन आणि दूरसंपर्क अशी पाच कामे तो एकट्याने करी. एवढे सगळे एकत्र देणारा प्रोग्राम त्या वेळी अपूर्वच होता. तो पी-सिस्टिमवर, म्हणजे दुभाष्याच्या भाषेत लिहिलेला होता. नव्या जातीचे यंत्र आले तर त्यावर तो सहज नेता येईल, असा विचार त्यामागे होता. त्यानंतर २६ जानेवारी १९८३ रोजी मिच केपर यांच्या ‘लोटस’ कंपनीचा ‘१-२-३’ हा प्रोग्राम आला. त्यात कामे कमी होती: कोष्टक, आलेख आणि नोंदवही. पण जोनाथन सॅक्स यांनी तो आयबीएमच्या यंत्रातील प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत, म्हणजे यंत्राच्या जवळजवळ मातृभाषेतच लिहिला होता. पडद्यावर आकडा उमटवायचा तर तो ऑपरेटिंग सिस्टिमचीही परवानगी मागत नसे. थेट पडद्याच्या मेमरीत आकडा ठेवी.

परिणाम हिशेबनिसाला ताबडतोब दिसला. कोष्टकातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुन्हा मोजावे लागतात. कॉन्टेक्स्टमध्ये प्रत्येक बेरीज दुभाष्यामार्फत होई आणि माणूस पडद्याकडे बघत बसे. लोटसमध्ये बोट कळीवरून उचलेपर्यंत उत्तर तयार असे. पहिल्याच वर्षी लोटसने ५ कोटी ३० लाख डॉलरांची विक्री केली. कॉन्टेक्स्टचे नाव आज जाणकारांनाच आठवते. ‘कोणत्याही यंत्रावर चालण्याची’ जी सोय कॉन्टेक्स्टने जपली होती, ती विकत घेणाऱ्याच्या कामाची नव्हतीच; त्याच्यासमोर एकच यंत्र होते आणि ते मंद वाटत होते. सोय कारखानदाराची, खोळंबा गिऱ्हाइकाचा, हा या इतिहासातला पहिला धडा होय.

तथापि न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो एकाच घराशी एकरूप होतो, त्याला घर बदलताना फार यातना होतात. लोटसचा प्रोग्राम त्या एका यंत्राला इतका चिकटून होता की, दुसऱ्या कंपनीचे यंत्र खरोखर ‘आयबीएमसारखे’ आहे की नाही हे त्यावर १-२-३ चालते की नाही यावरून ठरवले जाऊ लागले. पण मोठ्या मेमरीची नवी यंत्रे आली तेव्हा असेंब्लीतले ते काम पुढे रेटणे अवघड झाले. तिसरी आवृत्ती ‘सी’ या भाषेत नव्याने लिहावी लागली आणि ती बऱ्याच विलंबाने १९८९ साली निघाली. विंडोजसाठीचा लोटस १९९१ मध्ये आला. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सेल’ तेथे १९८७ पासूनच ठाण मांडून बसले होते. १९९५ साली आयबीएमने लोटस कंपनीच विकत घेतली. तेव्हा दुभाष्याला हाकलून सर्व प्रश्न सुटतात, असे कोणी समजू नये.

मायक्रोसॉफ्टला मात्र याच सुमारास उलट बाजूचा चटका बसला. मॅकिन्टॉश संगणकावरील ‘वर्ड’ची ५.१ ही १९९२ ची आवृत्ती लेखकमंडळींत अतिशय प्रिय होती. ती लहान होती, चपळ होती आणि मॅकच्या रीतिरिवाजांत वाढलेली होती. पुढील आवृत्ती काढताना कंपनीने ठरवले की, विंडोज आणि मॅक या दोहोंसाठी प्रोग्रामचा गाभा एकच ठेवायचा. १९९४ मध्ये मॅकवर आलेला ‘वर्ड ६’ त्यामुळे विंडोजच्या वळणाचा झाला. तो सुरू व्हायला वेळ घेई, मेमरी फार खाई, आणि त्याच्या खिडक्या, कळी, चौकटी मॅकवर परक्या वाटत. गिऱ्हाइकांची ओरड इतकी झाली की कंपनीला जुनी ५.१ आवृत्ती परत देण्याची सोय करावी लागली. १९९७ साली तिने मॅकसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि १९९८ च्या आवृत्तीत मॅकची रीत पुन्हा सांभाळली. येथे वेगाखेरीज दुसरी गोष्ट पुढे आली: वळण. सर्व आज्ञा बरोबर पाळल्या जात असूनही पाहुण्याचे उठणे-बसणे घरच्या रीतीचे नसेल, तर घरचा माणूस अवघडतो.

या सर्व अनुभवांनंतरही तीच आशा पुन्हा उभी राहिली, आणि या खेपेस तिला घोषणाही लाभली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी १९९१ पासून घरगुती उपकरणांसाठी एक भाषा घडवीत होते. मे १९९५ मध्ये ती ‘जावा’ या नावाने इंटरनेटच्या जगात जाहीर झाली. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हे तिचे वचन होते. कल्पना पी-कोडचीच होती. पण या वेळी प्रत्येक संगणकावर आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये दुभाषी बसवण्याचे बळ मागे होते.

वचन पाळताना जावाच्या कर्त्यांपुढे एक पेच उभा राहिला. पडद्यावरचे बटण, यादी, चौकट ही प्रत्येक यंत्रावर वेगळी. पहिल्या व्यवस्थेत त्यांनी यंत्राचीच बटणे वापरली. पण मग सर्व यंत्रांवर जे समान होते तेवढेच देता आले; ज्या यंत्राकडे काही खास होते ते दारातच राहिले. १९९८ च्या सुमारास आलेल्या ‘स्विंग’ नामक दुसऱ्या व्यवस्थेत त्यांनी ठरवले की, यंत्राचे काहीच वापरायचे नाही, बटणापासून अक्षरापर्यंत सारे आपणच रंगवायचे. आता सर्वत्र चेहरा सारखा झाला, पण तो कोणत्याच घरचा राहिला नाही. २००१ साली आयबीएमकडून आलेल्या ‘एक्लिप्स’ या प्रकल्पाने तिसरी व्यवस्था पुढे आणली आणि ती पुन्हा यंत्राच्या बटणांकडे वळली. असे हे येणे-जाणे पाहिले म्हणजे लक्षात येते की, कर्त्यांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. पेच मुळातच न सुटणारा होता. सर्वांना समान तेवढेच घ्यावे तर गरिबी येते, आणि सर्व आपणच करावे तर परकेपणा येतो.

मोठमोठे संकल्प या पेचात अडकले. ‘वर्डपरफेक्ट’ची मालक असलेल्या कॅनडातील कोरेल कंपनीने आपली कार्यालयीन साधने जावात उतरवण्याचा घाट घातला, १९९७ मध्ये तो सोडून द्यावा लागला. नेटस्केपने संपूर्ण जावात ब्राउझर लिहिण्याचे जाहीर केले. तेही १९९८ मध्ये बारगळले. प्रोग्राम लिहिणारे लोक ‘एकदा लिहा आणि सर्वत्र दुरुस्त करत बसा’ अशी थट्टा करू लागले. यात यंत्रांच्या धन्यांचाही हात होता. मायक्रोसॉफ्टने जावाला विंडोजचे वळण लावले म्हणून सनने १९९७ साली दावा लावला. जानेवारी २००१ मध्ये दोन कोटी डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. दुभाष्यामुळे आपल्या घराचे वेगळेपण पुसले जाईल, ही भीती घरधन्याला असतेच.

तरीही जावा मेली नाही, आणि का मेली नाही हेही समजून घेतले पाहिजे. बँकांच्या, रेल्वेच्या, विमा कंपन्यांच्या मागच्या खोलीत जे मोठे संगणक चालतात, त्यांच्यावर जावा आजही खंबीरपणे उभी आहे. त्या खोलीत पडद्यासमोर कोणी बसलेले नसते; बटणाचे वळण, अक्षराचे रूप यांचा तेथे प्रश्नच येत नाही. शिवाय १९९९ मध्ये आलेल्या ‘हॉटस्पॉट’ तंत्राने दुभाषी हुशार झाला. जे वाक्य वारंवार येते त्याचे भाषांतर तो पाठ करून ठेवू लागला, म्हणजे त्या भागापुरते यंत्राच्या भाषेत रूपांतर करू लागला. अँड्रॉइड फोनांतही प्रोग्राम जावा भाषेत लिहिले जात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ते फोनमध्ये बसवतानाच यंत्रभाषेत उतरवण्याची सोय झाली. म्हणजे वेगाचा जुना आक्षेप हळूहळू क्षीण होत गेला.

मग उरले काय? त्याचे उत्तर फोनच्या युगाने दिले. एप्रिल २०१० मध्ये अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी ‘फ्लॅश’ या तंत्राविरुद्ध एक जाहीर पत्र लिहिले. त्यांचा एक मुद्दा विचारात घेण्याजोगा होता. यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये तिऱ्हाइताचा थर आला की, यंत्रात नवी सोय आली तरी ती तो तिऱ्हाईत आत्मसात करीपर्यंत कोणालाच वापरता येत नाही. या पत्रात जॉब्ज यांचा स्वार्थही होता, कारण आपल्या दुकानाबाहेरून काही येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. परंतु स्वार्थी माणसाचे म्हणणे खोटेच असते असे नाही. दोनच वर्षांनी फेसबुकला याचा अनुभव आला. त्या कंपनीने आपला फोनवरील प्रोग्राम मुख्यतः वेबपृष्ठांच्या तंत्राने चालवला होता. तो इतका रेंगाळू लागला की ऑगस्ट २०१२ मध्ये आयफोनसाठी तो नव्याने नेटिव्ह लिहावा लागला, आणि पुढच्याच महिन्यात झुकरबर्ग यांनी ही आपली सर्वांत मोठी चूक होती अशी जाहीर कबुली दिली.

गंमत अशी की, याच कंपनीने २०१५ साली ‘रिअॅक्ट नेटिव्ह’ नावाचा नवा दुभाषी जगाला दिला. एअरबीएनबी या निवासव्यवस्था करणाऱ्या कंपनीने तो २०१६ मध्ये स्वीकारला आणि जून २०१८ मध्ये सोडत असल्याचे जाहीर केले. दोन प्रकारच्या फोनांऐवजी एकाच ठिकाणी काम होईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन फोन आणि मधला थर अशा तिघांची माहिती ठेवावी लागू लागली. आपल्या टेबलावरील संगणकावर ‘इलेक्ट्रॉन’ नावाची व्यवस्था २०१३ पासून आहे. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम आपल्यासोबत एक आख्खा ब्राउझर घेऊन येतो. चार प्रोग्राम उघडले की चार ब्राउझर मेमरीत ठाण मांडतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारखी नेटकी कामेही तिच्यात झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण चार वर्षांचा जुना संगणक अकारण म्हातारा का वाटतो, याचे एक कारण येथे सापडते.

आता आपल्या घराकडे येऊ. देवनागरी लिपी संगणकाला सोपी नाही. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी अशा क्रमाने नोंद होते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरे जुळवावी लागतात, रफार डोक्यावर चढवावा लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण ती केवळ अक्षरांची नोंद. त्यांची जुळणी करणारी यंत्रणा वेगळी लागते. विंडोजमध्ये ती २००० साली आली. ज्या नेटिव्ह प्रोग्रामांनी अक्षरे रंगवण्याचे काम विंडोजवर सोपवले होते, त्यांना आपली लिपी जवळजवळ फुकटात मिळाली. जावा मात्र अक्षरे स्वतः रंगवीत होती, म्हणून तिला ते वेगळे शिकावे लागले. २००२ च्या १.४ आवृत्तीत देवनागरी आली. फ्लॅशच्या यंत्रणेत भारतीय लिप्यांची जुळणी ऑक्टोबर २००८ मध्ये आली. दोन वर्षे आणि आठ वर्षे. इंग्रजी वाचकाला या विलंबाची गंधवार्ताही नव्हती. त्याच्या लिपीला जुळणी लागतच नाही. जॉब्ज ज्या विलंबाविषयी बोलत होते, त्याचा खरा भार आपल्यासारख्यांनी उचलला.

आणि मराठीचे म्हणून खास काही आहे. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावी आणि ‘आचाऱ्यांना’ शिधा द्यावा, हा भेद आपण एका लहानशा खुणेने करतो. ‘ऱ्य’मधला तो अर्धा र हिंदीला लागत नाही. दुभाष्याने देवनागरी हिंदीपुरतीच शिकली असेल तर ही खूण मोडून पडते. तसेच आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’. फॉन्टमध्ये ही मराठी वळणे असली, तरी ‘हा मजकूर मराठी आहे’ हा निरोप प्रोग्रामने फॉन्टपर्यंत पोहोचवावा लागतो. मधल्या थराने तो वाटेत गिळला की, पडद्यावर हिंदी वळणाचे अक्षर उमटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या संस्थेच्या ग्रंथालयाची सूची संगणकावर चढवली तेव्हाची गोष्ट सांगतो. मिळालेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालणारा होता. त्याच गुणासाठी तो आम्ही पसंत केला होता. त्याच्या पडद्यावर ‘ऱ्य’ नीट उमटत नसे, पाय मोडलेला र मध्येच लोंबत राही. नोंदी करणाऱ्या ताईंनी कंटाळून सर्वत्र साधा ‘र्य’ घातला. पुढे एका सभासदाने ‘वाऱ्यावरची वरात’ मागितले, तर संगणक म्हणाला, असे पुस्तक नाही. पुस्तक कपाटात होते; सूचीत ते ‘वार्यावरची’ होऊन बसले होते. तोपर्यंत जुनी पत्रके रद्दीत गेली होती. शेकडो नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. प्रोग्राम करणाऱ्याचे श्रम वाचले होते. ते आमच्या ताईंच्या वाट्याला आले, इतकेच.

यावरून आम्ही दुभाष्याच्या नावाने बोटे मोडावीत काय? तसे आम्हांस वाटत नाही. मोहन तांबे आणि आर. एम. के. सिन्हा यांच्या आयआयटी कानपूरमधील कामातून निघालेले आणि पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ने देशभर पोहोचवलेले ‘जिस्ट’ कार्ड आठवावे. संगणकात हे कार्ड बसवले की, मुळात इंग्रजीसाठी लिहिलेले अक्षरी पडद्याचे डॉस प्रोग्राम भारतीय लिप्यांत काम करू लागत. तोही मधला थरच होता, दुभाषीच होता. पण त्याच्या कर्त्यांना आपली लिपी ठाऊक होती आणि तीच डोळ्यांसमोर ठेवून ते काम झाले होते. अलीकडच्या काळात ‘हार्फबझ’ नावाची अक्षरजुळणीची मुक्त यंत्रणा अनेक ब्राउझरांत, अँड्रॉइडमध्ये, आणि २०१७ पासून जावातही बसली आहे. एकाने शिकलेले सर्वांना मिळते. मधला थर असा सामायिक आणि जाणता असला, तर तोच धाकट्या भाषांचा आधार होऊ शकतो.

तेव्हा प्रश्न दुभाषी असावा की नसावा एवढाच नाही. तो कोणाला ओळखतो आणि त्याच्या चुकांचा भुर्दंड कोण सोसतो, हा आहे. या अर्धशतकाचा ताळेबंद मांडला तर जमेची रक्कम बहुधा करणाऱ्याच्या खात्यात दिसते, खर्च वापरणाऱ्याच्या. आणि वापरणाऱ्यांतही ज्याची भाषा लहान, ज्याचे यंत्र जुने, त्याच्या वाट्याला तो अधिक येतो. यंत्र वेगवान झाले की मंदपणा झाकला जातो, पण जे अक्षर दुभाष्याला ठाऊक नाही ते वेगवान यंत्रावरही उमटत नाही.

म्हणून आमची वाचकांना आणि विशेषतः गावोगावच्या आपल्या संस्थांच्या चालकांना एक विनंती आहे. सभासदांची यादी, ग्रंथसूची, जुनी दफ्तरे, जे काही संगणकावर चढवायचे असेल, त्यासाठी प्रोग्राम घेताना तो किती यंत्रांवर चालतो हे विक्रेता सांगेलच. आपण कागदावर ‘आचाऱ्यांनी दऱ्याखोऱ्यांतून सुऱ्या आणल्या’ असे एखादे वाक्य लिहून न्यावे, ते त्याच्यासमोर टंकावे, आणि मग त्यातला एक शब्द शोधायला सांगावे. वाक्य नीट उमटले आणि शब्द सापडला, तर दुभाषी कोणत्याही जातीचा असो, त्याला घरात घ्यायला हरकत नाही.